डाव्या दाराचा स्पीकर

“आधी एक वाटी आण,” आण्णा म्हणाले. “स्क्रू ठेवायला. न्हाईतर काढशील सगळे आन् बसवताना एक कमी पडंल.”

मी गाडीचं डावं दार सताड उघडून, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन अंगणात फतकल मारून बसले होते. आण्णा इतका वेळ कट्ट्यावर पेपर वाचत होते. म्हणजे पेपराच्या आडून माझी फजिती बघत होते. गाडी मी मुद्दामच त्यांच्या नजरेसमोर लावली होती. वाटी आणायला मी जवळजवळ पळतच आत गेले. वडील आपल्याशी आपणहून एक वाक्य बोलले याचं एवढं काय अप्रूप, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या घरात तेव्हा तशीच परिस्थिती होती.

ही कुरुंदवाडची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकहून घरी आले होते आणि पहिल्यांदाच स्वतःची गाडी चालवत आले होते. स्वतःची म्हणजे माझ्याआधी दोघांनी मनसोक्त वापरून झालेली. इंजिन ठणठणीत होतं, पण स्पीकरचे कागदी पडदे वयोमानाने फाटले होते, त्यामुळे कितीही मोठा गवई गायला लागला तरी त्याला पडसं झाल्यासारखं वाटायचं. नाशिकच्या दुकानदाराने दोन नवे स्पीकर आणि सीटखाली मावेल एवढा अँप्लिफायर दिला, आणि बसवून देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. माझे वडील भूपाल मगदूम. ‘मगदूम साउंड सर्व्हिस’चे मालक, चालक आणि हमाल, सगळं तेच. ज्या माणसाने शिरोळ तालुक्यातल्या झाडाझाडाला कर्णे बांधले, त्याच्या मुलीने दोन स्पीकर बाहेरून बसवून आणावेत हे मला पटेना.

आणि खरं सांगायचं तर स्पीकर हे निमित्त होतं. मला आण्णांना बोलतं करायचं होतं. मी घर सोडून गेले याचा त्यांच्या मनात राग आहे की नाही, एवढंच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तो प्रश्न घेऊन मी कितीतरी दिवाळ्या येत होते आणि तसाच परत घेऊन जात होते.

कॉलेजात असल्यापासून मी आण्णांबरोबर कामावर जायचे. लग्न, बारसं, उरूस, भजन, काहीही असो. आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, पंचकल्याणक पूजा असली की मंडपात सवाल, म्हणजे मानाच्या बोली, बोलले जायचे. पहिला अभिषेक कुणी करायचा यासाठी चढाओढ लागायची, आणि पुढे बसलेल्याने काय सवाल बोलला ते मागच्या रांगेतल्याला स्वच्छ कळलं नाही तर भांडणं व्हायची. आण्णा अँप्लिफायरला मशीन म्हणायचे. स्वतः मशीनपाशी बसायचे आणि मला पिटाळायचे, “जा, कसं येतंय बघून ये.” मी येऊन सांगायचे, आवाज फुटतोय, माईक शिट्टी मारतोय, वडाकडचा कर्णा बारीक झालाय. त्याप्रमाणे ते बटणं फिरवायचे. गावात लोक म्हणायचे, भूपालआण्णांचा धंदा पोरगीच बघणार. मलाही तसंच वाटायचं.

मग मला नाशिकच्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. आईला सांगणं सोपं होतं. आण्णांना सांगायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नव्हती. शेवटी शिरढोणच्या एका लग्नाचं काम आटोपून आम्ही दोघं टेम्पोतून परत येत होतो. आण्णा चालवत होते, मी शेजारी बसले होते. रस्त्यात म्हशींचा कळप आडवा आला आणि गाडी थांबली. इंजिन घरघरत होतं, बाहेर गुराखी ओरडत होता. मी सगळा धीर गोळा केला आणि म्हणाले, “आण्णा, मला नाशिकला नोकरी लागलीय. पण तुम्ही नको म्हणालात तर मी जात न्हाई.”

आण्णा समोर बघत राहिले. म्हशी गेल्या. त्यांनी गिअर टाकला. घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मी काय समजायचं ते समजले. पुढे आईकडून कळलं की आण्णा तिला एवढंच म्हणाले होते, तिला जायचंय तर जाऊ दे. मी गेले. निघायच्या दिवशी स्टँडवर त्यांनी माझी बॅग वर चढवली आणि गाडी हलेपर्यंत उन्हात उभे राहिले, पण बोलले काहीच नाहीत. मी गेल्यावर थोड्याच काळात त्यांनी साउंड सर्व्हिस बंद केली. कर्णे विकले, टेम्पो विकला. लोकांत उठणं-बसणंही कमी केलं. कुणी काही विचारलं तर भलतंच उत्तर द्यायचे किंवा हसून मान हलवायचे. गावाने सरळ हिशेब मांडला: पोरगी गेली आणि भूपालआण्णांचं मन उडालं. तो हिशेब माझ्याही कानावर आला होता, आणि मनाला लागला होता.

तर अशा आण्णांनी त्या दिवशी वाटी मागितली.

दाराचं आतलं आवरण काढताना मी जोर लावला आणि कट्कन आवाज झाला. आतली प्लॅस्टिकची एक खुंटी गेली.

“दार हाय ते,” आण्णा म्हणाले, “भाकरी न्हवं मोडायला. सरक तिकडं.”

मी सरकले. त्यांनी दोन्ही हातांची बोटं आवरणाच्या फटीत घातली आणि खुंटी-खुंटी करत ते असं सोडवलं की आवाजही झाला नाही. दाराच्या पोटात आधीच्या मालकाचा कंगवा आणि गोळ्यांचे कागद सापडले. जुना स्पीकर हातात घेऊन आण्णांनी त्याच्या फाटक्या कागदावरून बोट फिरवलं आणि याने लई सेवा केली असं म्हणत तो बाजूला नीट ठेवला. नवा स्पीकर दारातल्या भोकापेक्षा मोठा निघाला. मी कपाळाला हात लावला. आण्णा मात्र खुशीत आले. माळ्यावर त्यांच्या एका जुन्या स्पीकरबॉक्सच्या फळ्या होत्या, धंदा विकताना तेवढ्याच राहिल्या होत्या. त्यातली एक काढून त्यांनी करवतीने स्पीकरएवढी गोल लाकडी कडी कापली, कानशीने घासली आणि स्पीकरच्या खाली अशी बसवली की जणू गाडी तिच्यासकटच जन्माला आली होती. मी ते बघत राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं गुणगुणताना बघितलं नव्हतं.

आई मधूनमधून दारात येऊन बघून जात होती. बाप-लेकीने मिळून उघडलेली गाडी रात्रीपर्यंत मिटेल की नाही, अशी तिला शंका होती. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळे तिला घाई. तिने दोनदा चहा विचारला. आण्णांनी लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बघ. ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय. लग्न झाल्यापासनं हेच.”

चिकटपट्टी संपली म्हणून मी पेठेत जाऊन आले. तोवर आण्णांनी उरलेली जोडणी संपवून टाकली होती. सोल्डरिंगचा वास अंगणभर पसरला होता आणि ते हात पुसत उभे होते. मी उत्साहाने एक भजन लावलं. आवाज सुरेख होता. पडसं गेलं होतं. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोडं ऐकल्यावर लक्षात आलं. त्या भजनात पेटी एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला वाजायला हवा होता, आणि इथे दोन्ही दारांतून सगळं सारखंच येत होतं. मी सीटखाली वाकून बघितलं. टेपमधून डाव्या आणि उजव्या बाजूच्या ज्या दोन वेगळ्या वायरी येतात, त्या आण्णांनी अँप्लिफायरच्या आधीच एकत्र जोडून टाकल्या होत्या. कर्ण्यांना जोडतात तशा.

“आण्णा, हे दोन्हीकडनं एकच येतंय.”

“येऊ दे की. डावं काय आन् उजवं काय. सगळ्यांस्नी सगळं ऐकू गेलं म्हंजे झालं.”

मला हसू आलं. माणूस धंदा सोडतो, पण धंदा माणसाला सोडत नाही. मी म्हणाले, ही मोटार आहे, उरसातली गर्दी नव्हे. इथे शेवटच्या झाडापर्यंत आवाज पोचवायचा नाही. त्यांचा जोड मी कापला आणि वायरी वेगवेगळ्या लावल्या. आण्णा काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. मग आपणहून गाडीत जाऊन बसले. बसले तेही जुन्या सवयीने स्टीअरिंगसमोर, आपल्या बाजूचं दार उघडं टाकून. त्या बाजूला शेजाऱ्यांची पिठाची गिरणी आहे. दिवाळीच्या दळणांमुळे ती दिवसभर चालूच होती.

मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले आणि भजन पुन्हा लावलं. आता पेटी माझ्या दारातून आली आणि तबला त्यांच्या. माझ्या अंगावर काटा आला.

आण्णा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “पेटी कुठं गेली?”

“ही काय, माझ्याकडं वाजतीय.”

त्यांनी स्टीअरिंगवर बोटांनी ठेका धरला होता.

“आण्णा, पेटी माझ्या दारातनं येतीय,” मी पुन्हा म्हणाले.

उत्तर नाही. नजर समोर, तुळशीच्या कट्ट्यावर. चेहऱ्यावर राग नव्हता, लोभ नव्हता, काहीच नव्हतं. तो चेहरा मी ओळखला. मला टेम्पो दिसला, म्हशी दिसल्या. हेच अंतर, हीच बाजू, हाच न हलणारा चेहरा. मी गाणं बंद केलं नाही, आवाज चढवला नाही, नेहमीच्या स्वरात म्हणाले, “आण्णा, गाडीला आग लागलीय.”

आण्णा ठेका धरून होते.

मी खाली उतरले. गाडीला वळसा घालून त्यांच्या उघड्या दारापाशी गेले आणि उकिडवी बसले. आता माझं तोंड त्यांच्या उजव्या कानाशी होतं.

“आण्णा, डाव्या कानानं ऐकू येत न्हाई तुम्हांला?”

त्यांनी दचकून घराच्या दाराकडे बघितलं. “हळू बोल,” ते म्हणाले.

“कधीपासनं?”

“लई दिवस झालं.”

मग थोडं थोडं करत त्यांनी सांगितलं. मशीनपाशी बसायचं म्हणजे एक कर्णा कायम डाव्या अंगाला असायचा. आधी कानात नुसतं कुईं व्हायचं, मग ते थांबलं आणि त्याबरोबर बाकीचंही थांबलं. मिरजेला जाऊन ते एकटेच डॉक्टरला दाखवून आले होते. कानाची शीर गेली, आता काही होण्यासारखं नाही, असं त्याने सांगितलं होतं. त्यांनी घरी सांगितलं नाही, गावात तर नाहीच.

“बहिऱ्या स्पीकरवाल्याला कामाला कोण बलवंल?” ते म्हणाले. “आन् आईला सांगू नको. तिला वाटतंय मी मुद्दाम ऐकत न्हाई. तेच बरं हाय.”

मी सीटखालच्या वायरींकडे बघितलं. कर्ण्याच्या सवयीने त्यांनी त्या एक केल्या असं मी धरून चालले होते. त्यांना पेटी ऐकायची होती, एवढंच. उजव्या दारातून सगळं गाणं आलं तरच ते त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचणार होतं. मी तिथेच बसून माझा जोड काढला आणि त्यांनी केला होता तसा पुन्हा केला. पुढे ती गाडी विकेपर्यंत ती जोडणी तशीच होती. गाडीत बसणारे जाणकार लोक मला नावं ठेवायचे, आणि मी ठेवू द्यायचे.

खरा प्रश्न मात्र अजून तसाच होता.

“मग टेम्पोत मी बोलले ते?” मी विचारलं.

“कवा?”

“शिरढोणहून येताना. म्हशी आडव्या आल्या होत्या.”

म्हशी त्यांना आठवल्या. लग्न कुणाचं होतं तेही आठवलं. माझं बोलणं आठवायला ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

“तू मला सांगितलं हुतंस?”

“तुम्हांला विचारलं होतं, आण्णा.”

“मला वाटलं,” ते म्हणाले, आणि थांबले. “मला वाटलं आईला सांगितलंस, आन् मला सांगायचं काय नडलं न्हाई तुझं.”

एवढी वर्षं मी समजत होते की आण्णांनी मला उत्तर दिलं नाही, आणि आण्णा समजत होते की मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. तरी हा माणूस स्टँडवर माझी बॅग चढवत होता, गाडी हलेपर्यंत उन्हात उभा राहत होता. दर दिवाळीला मी निघताना माझ्या बॅगेत चकलीचा डबा नीट बसवून ठेवत होता. पेठेत कुणी विचारलं तर, आमची सुनेत्रा नाशिकला मोठ्या कारखान्यात असते, असं आपणहून सांगत होता. पोटच्या पोरीने आपल्याला विचारात घेतलं नाही हे मनात ठेवून त्यांनी हे सगळं केलं होतं, आणि एकदाही टोचून बोलले नव्हते. मला स्वतःला हे जमलं नसतं. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलेही नाहीत.

“काय म्हणाली हुतीस?” आण्णांनी विचारलं. “आता सांग. तवा जसं बोललीस तसंच.”

मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. ते वाक्य मी इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की शब्द शोधावे लागले नाहीत.

“आण्णा, मला नाशिकला नोकरी लागलीय. पण तुम्ही नको म्हणालात तर मी जात न्हाई.”

आण्णांनी घाई केली नाही. प्रश्न आत्ताच आलाय आणि उत्तर आत्ताच द्यायचंय, अशा तऱ्हेने त्यांनी विचार केला. गिरणीचा आवाज चालू होता. ऊन तुळशीच्या कट्ट्यावरून उतरून भिंतीला लागलं होतं.

“बरं झालं ऐकू आलं न्हाई,” ते म्हणाले. “मी नको म्हणालो असतो.”

मी वर बघितलं.

“खरं सांगतो. तू माझा कान हुतीस, बाळ. मागं जाऊन यायचीस, सांगायचीस, तवा मला कळायचं आवाज कसा येतोय. तू नसशील तर धंदा दोन महिनेबी चालायचा न्हाई, हे मला ठाऊक हुतं. भ्यालो असतो मी. नको म्हणालो असतो, आन् तू ऱ्हायली असतीस.”

“राहिले असते,” मी म्हणाले.

आणि ते अगदी खरं होतं. मी एका शब्दाने राहिले असते आणि जन्मभर त्याबद्दल तक्रारही केली नसती. नाशिकची नोकरी, तिथलं माझं घर, अंगणात उभी असलेली ही तिसऱ्या हाताची गाडी, माझं म्हणून जे काही होतं ते सगळं त्या न ऐकलेल्या एका वाक्यावर उभं होतं. आण्णांचा धंदा त्यात गेला होता. तरी ते बरं झालं म्हणत होते, आणि ते मनापासून म्हणत होते हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आईने आतून जेवायला हाक मारली. आण्णा उठायला लागले. मी त्यांना थांबवलं. मोठ्या माणसाच्या पायांना हात लावून तो आपल्या कपाळाला लावतात ना, तसा मी त्यांच्या डाव्या कानाला हात लावला आणि कपाळाला टेकवला.

“खुळी हाईस,” आण्णा म्हणाले. मग ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन गाडीतून उतरले आणि आम्ही जेवायला आत गेलो.